न गेलेला अंगठा

समोर बसलेल्या मुलीच्या डाव्या हाताला अंगठा नाही हे तुमच्या लक्षात आलं, तर तुम्ही तिला पहिला प्रश्न कोणता विचाराल? खरं सांगा. "कसा गेला?" हाच ना? दोह्यात वाढताना हा प्रश्न मला मराठीत विचारला गेला, हिंदीत विचारला गेला, शाळेच्या बसमधल्या मदतनीस बाईने मल्याळममध्ये विचारला आणि तिच्या बोटांच्या खुणेवरून तो मला समजला. आमच्याच मजल्यावर राहणाऱ्या पुण्याच्या पाटणकर काकूंनी तर लिफ्टमध्ये माझा हात हातात घेऊन, "अगंबाई, कसा गेला गं हा?" असं विचारलं, जणू मी तो शाळेत विसरून आले होते. माझा अंगठा कुठेही गेला नाही. तो आलाच नव्हता. चार बोटं आली, पाचवं आलं नाही, आणि त्या हाताने मी वेणी घालते, भाकरी थापते, आत्ता हे टाइप करते आहे. इतकं साधं आहे ते. पण आमच्या घरात हे वाक्य बाहेरच्यांसमोर उच्चारायला बंदी होती, आणि त्या बंदीची किंमत एका उन्हाळ्यात माझ्या छातीला मोजावी लागली. तो उन्हाळा मी इथे लिहून ठेवणार आहे. "आत्मकथन लिहायला निदान केस तरी पिकू देत," असं मम्मी म्हणते. मी तिला सांगितलं, केस पिकेपर्यंत थांबणाऱ्यांची आठवण गोड होत जाते. मला ती गोड व्हायला नको आहे.

दोह्याच्या अल नस्र भागातल्या आमच्या फ्लॅटच्या सगळ्या खिडक्या समोरच्या इमारतीच्या पाठीकडे बघायच्या. तिथे ओळीने एसी लावलेले. मार्चनंतर खिडकी उघडायची सोय नव्हती, उघडली तरी आत येणार ती त्या एसींनी ओकलेली गरम हवा. त्यामुळे घरात शिजलेलं सगळं घरातच राहायचं. मम्मी सुके बोंबील तळायची आणि तो वास पडद्यांत, उशांच्या अभ्र्यांत, माझ्या शाळेच्या कार्डिगनमध्ये मुक्कामाला यायचा. खाली एक चहाचं दुकान होतं. गाडीतून न उतरता हॉर्न वाजवून करक, म्हणजे कडक, चहा मागवायचा ही इथली पद्धत, त्यामुळे संध्याकाळभर हॉर्न. त्यावर अजान, त्यावर आमच्या एसीचं पाणी प्लास्टिकच्या बादलीत टपकत असल्याचा आवाज. ती बादली भरली की ओतायची हे माझं काम. उन्हाळ्याच्या सुट्टीत बाहेर जाणं म्हणजे मॉल, आणि मॉलला न्यायला गाडी, आणि गाडी चालवायला मम्मी, आणि मम्मीला ड्युटी. डॅडी दुखानला तेलकंपनीत. गुरुवारी संध्याकाळी घरी यायचे, शनिवारी परत. म्हणजे आठवड्याचा बराचसा भाग मी, चार खोल्या आणि ती बादली.

माझ्या प्रत्येक फ्रॉकला डाव्या बाजूला खिसा असायचा. दुकानातून आणलेल्या कपड्याला नसला तर मम्मी शिवायची, रंग जुळवून, इतका सुबक की कळायचं नाही. चर्चला जायच्या पांढऱ्या फ्रॉकलासुद्धा. समोरून कुणी ओळखीचं येताना दिसलं की ती ओठ न हलवता म्हणायची, "खिसा." माझा हात आत जायचा. पुढे पुढे तिला म्हणावंही लागत नसे, लिफ्टचं दार उघडल्याच्या आवाजावर हात आपोआप आत. घरात कोंडलेली मुलगी, आणि त्या मुलीच्या कपड्यात कोंडलेला हात. कुणी विचारलंच तर उत्तर ठरलेलं होतं, आणि ते मम्मीच द्यायची: "लहान असताना गाडीच्या दारात सापडला." लोक हळहळायचे, च् च् करायचे आणि विषय संपायचा.

तिने ही गोष्ट का रचली हे मला फार उशिरा समजलं असं मी म्हणणार नाही. मला ते तेव्हाही माहीत होतं. मी पोटात असताना ग्रहण झालं होतं. आमची वसईची माणसं रविवार चुकवत नाहीत, संध्याकाळची रोझरी चुकवत नाहीत, आणि ग्रहणाची भीतीही चुकवत नाहीत. माझ्या बाप्तिस्म्याच्या दिवशी बायकांनी दुपट्याखालून माझा हात बाहेर काढून पाहिला आणि निकाल दिला: लूसीने ग्रहणात विळी हातात घेतली असणार. कुणी मम्मीला विचारलं नाही. नंतर ती विहिरीवर गेली, लग्नाला गेली, मयताला गेली, तो निकाल तिच्या पुढे जाऊन बसलेला असायचा. डॅडींना कतारची नोकरी लागली तेव्हा ती मला काखोटीला मारून विमानात बसली आणि उतरताना तिच्याकडे गाडीच्या दाराची गोष्ट तयार होती. अपघातात कुणाची कूस दोषी नसते. परक्या देशात तिला निर्दोष होऊन उतरायचं होतं. हे मला पटतं. पण निर्दोष होण्यासाठी तिने ज्याला आत टाकलं तो हात माझा होता, हेही मी विसरणार नाही.

माझं मराठी पत्रकांवर पोसलेलं आहे. शाळा इंग्रजी, बसमध्ये हिंदी, आणि मम्मीने मराठीत विचारलं तरी माझं उत्तर इंग्रजीत. पण वसईचे आजोबा, मम्मीचे वडील, गावाकडून येणाऱ्या प्रत्येकाबरोबर सुकेळी पाठवायचे, आणि ती उन्हात वाळवलेली केळी ते स्वतः छापलेल्या पत्रकांत गुंडाळायचे. गावातल्या विहिरींचं पाणी टँकरने शहरात नेण्याविरुद्ध ते पत्रकं काढत. मी सुकेळी खायची आणि चिकट कागद सरळ करून वाचायची. "बंधूंनो आणि भगिनींनो, आपल्या विहिरीत डोकावून पाहा! आज गप्प बसाल तर उद्या कोणत्या तोंडाने पाणी मागाल?" गोष्टीच्या पुस्तकांआधी मी हे वाचलं. त्यामुळे मला वाटायचं की मराठी ही अन्यायाविरुद्ध बोलायचीच भाषा आहे, आणि इतर कामांसाठी इंग्रजी. मी कधी मराठीत तोंड उघडलं की मम्मी म्हणायची, "भाषण नको, भाजी निवड."

मम्मी एका खासगी हॉस्पिटलमध्ये मेडिकल कोडर होती. आधी रिसेप्शनवर, मग हळूहळू शिकून आतल्या खोलीत. डॉक्टरने लिहिलेलं निदान वाचायचं आणि जाडजूड पुस्तकातून त्याचा कोड शोधून लावायचा. ती पेशंटला बघत नाही, फक्त लिहिलेलं बघते. तिच्या धंद्याचा पहिला नियम: लिहिलं नाही तर झालं नाही. घरातही तोच. "होमवर्क झाला" म्हटलं की, "लिहिलेलं दाखव." दुसरा नियम: शंका आली तर स्वतःच्या मनाने भरायचं नाही, डॉक्टरला चिठ्ठी पाठवायची. त्या चिठ्ठीला ते क्वेरी म्हणतात. क्वेरीत उत्तर सुचवायचं नाही, दोष द्यायचा नाही, विशेषण वापरायचं नाही. पर्याय मांडायचे आणि शेवटी 'इतर' आणि 'सांगता येत नाही' हे दोन ठेवायचेच. उत्तर येईपर्यंत फाईल बंद होत नाही. उत्तर न देणाऱ्या डॉक्टरांवर मम्मी जेवताना चिडायची. "एक टिक करायचीय, टिक! जीभ नसेल तर बोट तरी आहे ना?"

त्या वर्षी ती कोडिंगची मोठी परीक्षा देणार होती. सुट्टीतल्या दुपारी ती ड्युटीवरून आली की मी डायनिंग टेबलावर बसून तिला सरावाच्या केसेस मोठ्याने वाचून दाखवायची आणि ती ओट्याशी उभी राहून, तव्यावरचं उलटवत उत्तरं द्यायची. त्यातच मला कळलं की कोडची पहिली अक्षरं माणसांचे वाटे करतात. जन्मासोबत आलेलं ते क्यूमध्ये. नंतर गमावलेल्या अवयवांची नोंद झेडमध्ये. आणि सूचीत 'अभाव' या शब्दाखाली अंगठा होता, त्याच्यापुढे कंसात 'नंतर झालेला' असं आधीच लिहून ठेवलेलं होतं. जन्मजात अभाव खाली, वेगळ्या ओळीत.

"म्हणजे काय?" मी विचारलं.

"म्हणजे डॉक्टरने नुसतं 'अंगठा नाही' लिहिलं, तर तो गेला असंच धरायचं," मम्मी शिकवण्याच्या सुरात म्हणाली. "जन्मापासून नाही असं त्याने स्पष्ट लिहिलं तरच क्यू."

"पण आधी होता असं कोण म्हणालं?"

"पुस्तक म्हणालं."

"पुस्तकाने पाहिलाय?"

"पुढचं वाच गो बाय. बोंबील करपतील."

माझी फाईल तिच्याच हॉस्पिटलमध्ये होती. ती रिसेप्शनवर असताना तिने मला तिथे नोंदवलं, दाराची गोष्ट सांगितली, डॉक्टरने 'डावा अंगठा नाही' एवढंच लिहिलं आणि कुणीतरी नियमाप्रमाणे झेड लावला. पहिलं वाक्य सोडलं तर त्या साखळीत कुणीही खोटं वागलेलं नव्हतं. म्हणूनच ती तुटत नव्हती. मम्मी स्वतः ती फाईल उघडूही शकत नव्हती, घरच्यांच्या फाईलला हात लावायची स्टाफला मनाई.

आता छातीचं सांगते. उन्हाळा चढण्याआधी, एका शुक्रवारी, डॅडींनी आम्हाला समैस्माच्या किनाऱ्यावर नेलं होतं. ओहोटी होती, पाणी लांब गेलेलं, ओली वाळू घट्ट. मी धावले. खूप दिवसांनी कुठेतरी भिंत नव्हती. थोडंसं धावले असेन आणि छातीत कुणीतरी दार लावून घेतल्यासारखं झालं. मी वाळूत बसले. डॅडी म्हणाले, "घरात बसून बसून अशी झालीय. खात जा." मम्मी म्हणाली, "धूळ आहे हवेत." दोघांचंही मला पटलं. मग इमारतीची लिफ्ट बंद पडली. हारिस, म्हणजे आमचा वॉचमन, रोज "बुकरा, इन्शाल्ला" म्हणायचा, आणि उद्या काही उजाडत नव्हता. बादलीच्या जोडीला कचऱ्याची पिशवीही माझ्याकडे होती. ती खाली टाकून वर येताना मला मधल्या मजल्यावर बसावं लागायचं. एकदा पाटणकर काकूंनी मला तिथे पाहिलं. त्यांनी काही विचारलं नाही, वर जाऊन पाणी आणलं, माझ्या शेजारी पायरीवर बसल्या. उठताना म्हणाल्या, "तुझ्या आईला म्हणावं, हे दम्याचं लक्षण नव्हे हो. नीट दाखवा."

त्याच आठवड्यात मी मम्मीला ती केस वाचून दाखवली. एक बाळ. उजव्या हाताला जन्मतः अंगठा नाही. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र. दोन्हीचे कोड द्या. खाली बारीक अक्षरात टीप होती: गर्भात हात आणि हृदय साधारण एकाच सुमारास घडतात, म्हणून जन्मजात अंगठा नसलेल्या मुलाचं हृदय तपासलेलं बरं. मी वाचून थांबले. तव्यावर तेल तडतडत होतं, बोंबील काळे पडत होते, आणि मम्मी उलथनं हातात धरून तव्याकडे बघत होती.

"मम्मी, ही टीप—"

"ही नको. पुढचं वाच."

"आपल्याला हे माहीत होतं?"

"पुढचं वाच म्हटलं ना!"

तिला माहीत नव्हतं. तिच्या पाठीवरून ते मला कळलं. माहीत नव्हतं, आणि आता माहीत झालं होतं, आणि ती दोन भिंतींच्या मधे उभी होती. एका बाजूला माझी छाती, दुसऱ्या बाजूला वसईच्या त्या बायका.

दुसऱ्याच दिवशी तिने मला तिच्याच हॉस्पिटलमधल्या डॉक्टरकडे नेलं. मला वाटतं तिची आशा अशी होती की डॉक्टर आपणहून शोधून काढतील आणि तिला काही सांगावंच लागणार नाही. डॉक्टरबाई इजिप्तच्या, मायाळू, पण बाहेर बाकावर गर्दी. त्यांनी कपड्यावरूनच स्टेथोस्कोप लावला, स्क्रीनकडे पाहिलं आणि इंग्रजीत म्हणाल्या, "धूळ, हबीबती. या महिन्यात सगळ्यांनाच दम लागतो. आणि हा अंगठा, जुनी दुखापत ना? इथे दिसतंय."

माझा हात खिशात होता. त्यांनी तो पाहिलाही नव्हता, स्क्रीनवर वाचला होता.

"दुखापत नाही," मी म्हणाले. "मी अशीच जन्मले."

डॉक्टरबाईंनी मम्मीकडे पाहिलं. मम्मीचा चेहरा तिच्या ऑफिसमधला झाला, शांत, इस्त्री केलेला. "ती बाळ होती, डॉक्टर. तिला कसं आठवणार? गाडीचं दार होतं."

याला काय उत्तर द्यायचं ते मला आजही कुणी सांगावं. आपल्या जन्माला आपण हजर असतो, पण साक्षीला आपल्याला कुणी उभं करत नाही. डॉक्टरबाई हसल्या, "खलास, झालं, हा पंप ओढ, बरं वाटेल," म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटला बोलावलं. परतीच्या वाटेवर गाडीची दारं लॉक झाल्याचा आवाज झाला आणि मी मम्मीच्या बाजूच्या दाराकडे बघत राहिले. म्हटलं, यात सापडला होता म्हणे. तिने रेडिओ मोठा केला.

मी पत्रक लिहिलं. दुसरं काय करणार? आजोबांच्या थाटात, मोठ्या अक्षरात. "जागे व्हा! या घरात एका निष्पाप मुलीच्या हृदयाचा बळी दिला जात आहे! एका मातेने समाजाच्या भयापोटी सत्याला खिशात कोंडले आहे! आणखी किती काळ सहन करणार?" उद्गारचिन्हं ओतली होती. घरात वाचक एकच होता, तिच्या उशीवर ठेवलं. तिने उभ्याउभ्या वाचलं.

"'मातेने'," ती म्हणाली. "सभा घेणार आहेस का माझ्यावर? मंडप कुठे घालणार, हॉलमध्ये?"

"खरं आहे की नाही ते सांग."

"आजोबांचं ठीक आहे, त्यांचं गाव आहे. इथे असलं काही लिहायचं, वाटायचं नाही हां. एक कागद बाहेर गेला की सगळ्यांची परतीची तिकिटं निघतील." आणि तिने तो कागद ओट्यावर टाकला आणि वर गरम कढई ठेवली. संध्याकाळी कढई उचलली तेव्हा माझ्या 'जागे व्हा'वर काळं वर्तुळ होतं.

मी चिडून खोलीत बसले, पंप ओढत बसले, त्याने काही होत नव्हतं. खाली हॉर्न वाजत होते. आणि पहिल्यांदाच मला वाटलं की आजोबांची भाषा इथे चालणार नाही. शत्रू टँकरवाला असेल तर ती चालते. समोर घाबरलेलं माणूस असेल तर ते कढई शोधतं. मग मला मम्मीची भाषा आठवली. मी क्वेरी लिहायला घेतली, आणि इतकं कठीण लिखाण मी त्याआधी केलं नव्हतं, नंतरही नाही. पहिल्या खर्ड्यात 'तू का लपवलंस' असं आलं. दोष. खोडलं. दुसऱ्यात 'सत्य काय आहे' असं आलं. 'सत्य' हा शब्दच बोट रोखून उभा राहतो, खोडलं. 'बिचारी', 'अन्याय', 'कायमचं', सगळं गेलं. उरलं ते इतकं, वहीच्या अर्ध्या पानावर:

"पेशंटच्या फाईलमध्ये 'डावा अंगठा नाही' अशी नोंद आहे. पेशंटला सध्या दम लागतो. कृपया स्पष्ट करावे. अंगठा जन्मतः नाही. अंगठा नंतर गेला. इतर. सांगता येत नाही."

प्रत्येकापुढे छोटी चौकट काढली, खाली सहीची जागा ठेवली आणि फ्रिजवर चुंबकाखाली लावली.

मम्मीने ती सकाळी पाहिली. दूध काढताना थांबली, ओठ हलले, दूध काढलं, दार लावलं. काढून टाकली नाही. ती काढून टाकू शकतच नव्हती. क्वेरी फाडणारा कोडर म्हणजे तिच्या लेखी देवळातला चोर. पण टिकही केली नाही. दर वेळी दही काढायला, पाण्याची बाटली ठेवायला ती त्या कागदासमोर जायची. मी पायऱ्यांवर बसत होते. त्या दिवसांत आमचं घर आणखी लहान झालं होतं, आम्ही दोघी एकमेकींना वळसा घालून चालायचो.

गुरुवारी डॅडी आले. बूट काढायच्या आत फ्रिज उघडायला गेले आणि चष्मा कपाळावर चढवून वाचू लागले. "हे काय? परीक्षा? आणि पेशंट कोण?"

ते पुन्हा वाचू लागले, या वेळी हळू. मग माझ्याकडे पाहिलं. मग मम्मीकडे. "लूसी, उत्तर दे ना गो."

"तुम्ही द्या. तुम्ही बाप आहात."

"मी दिलं असतं. पण गावात कुणी मला विचारलंच नाही कधी. सगळ्या तुझ्याच मागे लागल्या." ते खुर्चीत बसले. "ग्रहणाच्या दिवशी तुला उलट्या होत होत्या. तू आत झोपलेली. घरात काही नव्हतं. वांगी मी चिरली."

मम्मी वळली. "काय?"

"वांगी. विळीवर. मी." आणि त्यांनी दोन्ही हात वर करून दोन्ही अंगठे आमच्यासमोर धरले. "बघ. आहेत की नाहीत?"

मम्मी आधी हसली. इतकी मोठ्याने की तिने स्वतःचंच तोंड दाबलं. मग ते हसणं दुसरीकडे वळलं आणि ती ओट्याला धरून उभी राहिली. "इतकी वर्षं मला वाटायचं," ती म्हणाली, "की मीच चिरलं असेल आणि विसरले असेन." डॅडी उठून तिच्याजवळ गेले नाहीत, आमच्या घरात तशी पद्धत नव्हती. त्यांनी फक्त खिशातलं पेन काढून टेबलावर ठेवलं. मम्मीने ते घेतलं, फ्रिजपाशी गेली, पहिल्या चौकटीत टिक केली आणि खाली सही केली, तिच्या ऑफिसची, पूर्ण नाव, तारखेसकट.

फ्रिजवरच्या टिकने फाईल बदलत नाही, हे आम्हा दोघींना चांगलं माहीत होतं. डॉक्टरने लिहायला हवं. रविवारी आम्ही त्याच केबिनमध्ये, त्याच खुर्च्यांत बसलो. मी सवयीने हात खिशात घातलेला. मम्मीने माझ्याकडे न बघता आपला हात माझ्या खिशात घातला, माझा हात बाहेर काढला आणि डॉक्टरबाईंच्या टेबलावर, कीबोर्डच्या शेजारी ठेवला.

"मागच्या वेळी मी चुकीचं सांगितलं," ती म्हणाली. "त्याच्याही आधी चुकीचंच सांगितलं होतं. दार नव्हतं. ही अशीच जन्मली."

डॉक्टरबाईंनी पहिल्यांदा स्क्रीन सोडून हाताकडे पाहिलं. बोटांनी माझं मनगट चाचपलं, जिथे अंगठ्याचं मूळ असतं तिथे दाबलं. व्रण नव्हताच. दारात सापडलेल्या बोटाचा व्रण राहतो, एवढं कुणालाही कळलं असतं, पण त्यासाठी हात बाहेर असावा लागतो. मग त्यांनी उठून पडदा ओढला, स्टेथोस्कोप तळहातावर घासून गरम केला आणि या वेळी फ्रॉकच्या आतून लावला. बराच वेळ ऐकलं. डोळे मिटून ऐकलं. "श्वास घे. धर. सोड." मग हळू आवाजात, "यल्ला, चला, आजच हृदयाचा इको करू."

परत बसून त्या टाइप करू लागल्या. मम्मी पुढे झुकली. "डॉक्टर, 'जन्मजात' हा शब्द लिहा. नुसतं 'नाही' लिहू नका. नुसतं 'नाही' लिहिलं की पुस्तक 'गेला' असं धरतं."

डॉक्टरबाईंची बोटं थांबली, त्यांच्या चेहऱ्यावर थोडं हसू आलं. "लूसी, काय लिहायचं ते कोडरने डॉक्टरला सांगायचं नसतं. तूच मला ईमेल पाठवला होतास."

"हो," मम्मी म्हणाली. "पण आज मी या बाजूच्या खुर्चीत बसलेय."

त्यांनी लिहिलं. मी स्क्रीनवर वाचलं.

छिद्र होतं. जन्मापासून होतं. पुढे ते मांडीतल्या शिरेतून नळी घालून, छाती न उघडता बुजवलं, आणि मी पुन्हा समैस्माला धावले, त्यात सांगण्यासारखं फारसं नाही. त्या फ्लॅटची खिडकी तरीही उघडत नव्हती. मम्मीने वसईत कुणाला काही सांगितलं नाही, पाटणकर काकूंना मात्र लिफ्टमध्ये स्वतःहून सांगितलं. काकू म्हणाल्या, "मग आधीच सांगायचं नाही का? मी उगाच त्या गाडीवाल्याला शिव्या घालत होते." परीक्षा ती पास झाली. माझ्या कपड्यांना ती अजून डावीकडे खिसा शिवते. मी त्यात फोन ठेवते.

पुस्तकाच्या सूचीत तो कंस अजून आहे. तो हलवणं माझ्या हातात नाही. कुणी म्हणेल की चार बोटांची मुलगी कशाला इतकी तापते, तर म्हणू द्या. माझं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. तुमच्या घरात, नात्यात, मजल्यावर हातापायाने वेगळं जन्मलेलं मूल असेल, तर त्याची फाईल मागून घ्या आणि त्यात काय लिहिलंय ते वाचा. नुसतं 'नाही' लिहिलेलं दिसलं, तर डॉक्टरांना 'जन्मतः' हा शब्द लिहायला सांगा आणि विचारा, हृदय तपासलं का. सांगताना मुलाला बाहेरच्या बाकावर बसवू नका. त्याला शेजारच्या खुर्चीत बसवा, आणि त्याचा हात टेबलावर असू द्या.